सरळ जायचं म्हणून चारही दिवे

कबूल करून टाकते. गाडी चालवायला लागल्यावर कितीतरी महिने मी वर्ध्यातला तो मोठा गोल चारही दिवे लुकलुकवत पार करत असे, आणि अख्ख्या जिल्ह्यात सिग्नल देण्याची अक्कल असलेली बाई आपण एकटीच, असं मला मनापासून वाटे.

यामागे तर्क होता. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे माझ्या प्रत्येक मूर्खपणामागे तर्क असेच. डावीकडे वळायचं तर डावा दिवा. उजवीकडे वळायचं तर उजवा. मग ज्या माणसाला सरळ जायचं आहे त्यानं काय करावं? काहीच लावलं नाही तर लोकांनी समजायचं काय? तेव्हा दोन्ही लावावेत. डावा आणि उजवा एकमेकांना कापतात आणि बाकी उरतं ते सरळ. समीकरण सुटलं. त्यात आमच्या जुन्या पांढऱ्या मारुतीत एक लाल त्रिकोणाचं बटण होतं. ते दाबलं की चारही दिवे एकदम चालू. त्रिकोण दिसला की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. हे बटण सरळ जाणाऱ्यांसाठीच केलेलं आहे, हा शोध मी लावला आणि दुसऱ्या कुणाला विचारायची गरज मला वाटली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी पन्नाशीला टेकलेली. या वयात गाडी शिकायची हौस मला नव्हती. घरी नड होती. सासूबाईंना लकवा मारला होता. डावा हात, डावा पाय, तोंडाची डावी बाजू, असं सगळं एका बाजूनं ढिलं पडलं होतं. बोलणं मात्र देवानं शाबूत ठेवलं. त्यांना व्यायामासाठी सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागे. ऑटोत चढताना त्यांचा पाय अडकायचा आणि ऑटोवाल्याला घाई. आमचे हे हिंगणघाटला बँकेत, सकाळी जात ते दिवे लागल्यावर येत. उरले कोण? मी. माझी शाळा सकाळची, दुपार मोकळी, आणि गाडी अंगणात कव्हर घालून नवरीसारखी बसलेली.

धाकटे दीर नागपूरला इंजिनिअर. त्यांचं म्हणणं होतं की आईला नागपूरला आणावं, तिथे दवाखाने आहेत, लिफ्ट आहे, चोवीस तास बाई ठेवता येईल. सासूबाई एकदा तिथे महिनाभर राहून आल्या होत्या. चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून खाली जाणाऱ्या लोकांची टकलं मोजत होत्या, असं त्या सांगत. सून आणि मुलगा दोघंही नोकरीवर, नातवंडं शिकवणीला, शेजारचं दार बंद. इथे त्यांची ओसरी होती, भाजीवाली होती, समोरच्या घरातलं भांडण होतं. त्यांना नागपूरला जायचं नव्हतं. पण आजारी माणसाला नाही म्हणायचा हक्क फार दिवस राहत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांचं इथे राहणं आता एकाच गोष्टीवर लटकलं होतं: मी त्यांना धड सावंगीला नेऊन आणू शकते की नाही.

म्हणून मी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. तिथल्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते. गाडी तेच चालवत आणि मला शाबासकी देत. परीक्षेला मैदानात आठाचा आकडा काढायला लावला. आकडे हा माझा प्रांत. मी इतका सुबक आठ काढला की साहेब बघतच राहिले. गोलाबद्दल ना कुणी विचारलं ना मी.

आता तो गोल. आमच्या बाजूनं गेलं की डावीकडे स्टेशनची वाट, समोर सावंगीची, उजवीकडे बाजाराची. मधे कठडा, कठड्यात सुकलेली झाडं. दुपारी तिथे ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, मेडिकलच्या पोरापोरींच्या मोटारसायकली आणि कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या गाई, सगळे एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाट काढत. सिग्नल कुणी देत नसे. हात देणारा हात देई, मान हलवणारा मान हलवी, आणि ट्रकवाला उजवा दिवा लावी तो वळण्यासाठी नव्हे, तर मागच्याला "जा पुढे" म्हणण्यासाठी. अशा अडाणी गर्दीत मी चारही दिवे लावून शिरले की काय सांगू! रस्ता दुभंगायचा. चौकातला हवालदार शिट्टी फुंकून लोकांना बाजूला करायचा. मोटारसायकली थांबायच्या. मी मान ताठ करून मधून जायची. मला वाटायचं, ही सुशिक्षित सिग्नलची किंमत.

एवढ्यावर थांबले असते तरी झाकली मूठ राहिली असती. पण मास्तरणीला शिकवल्याशिवाय ज्ञान पचत नाही. मी शाळेतल्या बायकांना फळ्यावर गोल काढून दाखवला. एकीनं विचारलंदेखील की बाई, गाड्यांच्या पुस्तकात असं आहे का? मी म्हटलं, सगळं पुस्तकात नसतं, काही डोक्यात असावं लागतं. चित्रकलेच्या बाई माझं ऐकून स्कूटीवर घरी निघाल्या. स्कूटीला दोन्ही दिवे एकदम लागत नव्हते. त्या बिचाऱ्या गोल पार होईपर्यंत एकदा डावं एकदा उजवं असं बटण हलवत राहिल्या आणि स्टेशनवर पोचल्या. त्यांचं घर बाजारात होतं.

मग तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि माझ्या गणिताला उत्तर मिळालं.

दुपारची वेळ. सासूबाई माझ्या डाव्या बाजूला पुढच्या सीटवर, मांडीवर रुमाल. मी त्रिकोण दाबला, गोलात शिरले, स्टेशनची वाट ओलांडायला लागले. स्टेशनच्या वाटेनं एक बँडवाला लुनावर आला होता. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पाठीला परातीएवढ्या तोंडाचा पितळी भोंगा. तो थांबला होता, चांगला माझ्याकडे बघून थांबला होता. आणि मी त्याच्या समोर येते न येते तोच निघाला. मी ब्रेक दाबला. लुनाचं पुढचं चाक माझ्या डाव्या दिव्याला लागलं, दिवा फुटला, आणि तो माणूस भोंग्यासकट अलगद रस्त्यावर बसला. पडला म्हणत नाही, बसलाच. त्याला खरचटलंही नाही. भोंग्याला मात्र एका बाजूनं खळी पडली होती.

त्यानं आधी स्वतःकडे नाही, भोंग्याकडे बघितलं. तिथेच बसल्या बसल्या तोंडाला लावून फुंकून पाहिला. आजारी रेड्यासारखा आवाज निघाला. गाई पळाल्या.

मी उतरून तावातावानं म्हणाले की मी चांगला सिग्नल दिला होता.

"देल्ला ना," तो म्हणाला. "डावा देल्ला. मी समजलो बाई इकडंच वळून राह्यल्या, म्हून निंघालो. सीधं जाच होतं त डावा काऊन देल्ला?"

"डावा नाही, दोन्ही दिले होते."

"मले एकच दिसला. मी का तुमच्या गाडीच्या थोबाडासमोर उभा होतो?"

मी त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिले आणि गाडीकडे बघितलं. बाजूनं बघणाऱ्याला माणसाचा एकच कान दिसतो. गाडीचंही तेच. इतकी वर्षं मुलींना मी शिकवत आले की आकृती कुठून बघता त्यावर तिचं दिसणं ठरतं, आणि स्वतः मात्र स्वतःची गाडी वरून, देवाच्या जागेवरून बघत होते. डावा आणि उजवा एकमेकांना कापतात ते फक्त माझ्या डोक्यात. डावीकडच्याला मी डावीकडे चालले होते, उजवीकडच्याला उजवीकडे, आणि समोरच्याला काय वाटत होतं ते हवालदारानं सांगितलं. तो शिट्टी तोंडातून काढून अदबीनं म्हणाला, "मॅडम, मी त रोज समजत होतो तुमचे ब्रेक फेल आहेत. नाईतर आजीले लय सिरियस झालं असन."

म्हणजे रस्ता दुभंगत होता तो असा.

गाडीतून कसला तरी आवाज येऊ लागला म्हणून वळून बघितलं, तर सासूबाई वाकड्या तोंडानं हसत होत्या. डोळ्यांतून पाणी. लकवा झाल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. माझ्या फजितीचा कुणाला तरी औषध म्हणून उपयोग झाला, एवढंच समाधान. संध्याकाळी बँकेतून आल्यावर आमच्या यांनी त्या माणसाला गाठून भोंगा सरळ करून द्यायचं कबूल केलं आणि केलंही. मला मात्र ते रागावले नाहीत. नुसते त्या रात्री भाजी वाढताना म्हणाले की इकडून घेशील की तिकडून, का चारही बाजूंनी?

इथवर सगळं घरातच राहिलं असतं. पण रविवारी दिरांचा फोन आला आणि सासूबाईंनी आपल्या हातानं रिसीव्हर धरून, रंगवून रंगवून सांगितलं की आम्ही एक बँडवाला उडवला. "लाल कोटवाला होता रे," असंही वर. त्यांना वाटलं मुलगा हसेल. पलीकडून आधी कुठे लागलं का, अशी चौकशी झाली. मग दीर म्हणाले की आता पुरे झालं, संक्रांत झाली की मी येतो आणि तुला घेऊन जातो.

सासूबाईंनी फोन ठेवला. चेहरा एवढासा झाला. गोष्ट सांगायच्या नादात आपणच आपली वळकटी बांधली, हे त्यांना कळलं होतं. मी दिरांना उलटा फोन लावला. अक्कल नसली तरी माझ्या अंगात खुमखुमी भरपूर होती. मी म्हटलं, तुम्ही या, मागच्या सीटवर बसा, मी आईंना सावंगीला नेऊन आणते. मग बोला. दीर स्वभावानं गरीब. ते म्हणाले, "वहिनी, मी बसतो. पण माझाही विमा उतरवून येतो."

आता शिकणं आलं, आणि तेही खरं. आमच्या यांनी नागपूरहून एक पुस्तिका आणून दिली. ती वाचून मला कळलं की गोलाला त्रिकोण लागतच नाही. ते लाल बटण गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहिली तर लावायचं असतं. आणि सरळ जायचं असेल तर शिरताना काहीही लावायचं नाही. काहीही नाही! माझ्यासारख्या बाईला गप्प राहून शिरायचं हेच मुळी अवघड.

आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर परात पालथी घातली. परात म्हणजे गोल, वाटी म्हणजे मी, चमचे म्हणजे वाटा. सासूबाई खुर्चीत बसून काठीनं हुकूम सोडायच्या. मी पुस्तिकेतलं मोठ्यानं वाचायची आणि त्या ते आपल्या भाषेत फिरवून घ्यायच्या. गोल कायम आपल्या उजव्या हाताला ठेवायचा, असं मी वाचलं. त्या म्हणाल्या, मग प्रदक्षिणाच ना ती, देव उजव्या हाताले. उलट्या बाजूनं घुसणाऱ्या मोटारसायकलींना त्यांनी नाव ठेवलं, महादेवाचे भक्त, अर्ध्यातून माघारी फिरणारे. आधीच गोलात असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, हे त्यांना पंक्तीच्या नियमासारखं सोपं वाटलं. बसलेल्याला उठवून कोणी बसत नाही.

अडलो आम्ही डाव्या दिव्यावर. सरळ जाताना शिरतेवेळी गप्प, पण स्टेशनची वाट ओलांडली की डावा लावायचा आणि मग सावंगीच्या वाटेनं बाहेर पडायचं. उजवीकडे बाजारात जायचं असेल तर शिरताना उजवा, आणि बाजाराच्या आधीची वाट गेली की पुन्हा डावा. डावीकडेच जायचं असेल तर पहिल्यापासून डावा. माझ्या गणिताला हे पटेना. उजवीकडे जाणाऱ्यानं शेवटी डावा का लावावा? मी वाटी परातीभोवती फिरवत बसले. सासूबाई कंटाळल्या.

"काय वं, एवढी मास्तरीन तू," त्या म्हणाल्या. "कोनाच्या घरून निंघताना उठून तशीच चालू लागते का? 'येते' म्हनते ना? डावा दिवा म्हंजे 'येते'. कुठूनबी आली असन, निंघताना म्हनाच."

झालं. पुस्तिकेच्या चार पानांचं काम त्या एका शब्दानं केलं. तेव्हापासून मी गोलातून बाहेर पडताना डावा लावते आणि तोंडानं "येते" म्हणते. शेजारी बसलेले लोक दचकतात.

पण त्यांनी स्वतःसाठी एक जास्तीचा नियम काढला. बँडवाल्यापासून त्यांचा दिव्यांवर विश्वास उरला नव्हता. दिवा फुटतो, बाजूनं दिसत नाही, उन्हात लागलाय की नाही कळत नाही. म्हणून घरून निघतानाच त्या मला खिडकीची काच खाली करायला लावायच्या आणि मी "येते" म्हटलं की हात बाहेर काढायचा प्रयत्न करायच्या. डावा हात. तोच लुळा. सावंगीची व्यायाम करून घेणारी पोरगी त्या हातासाठी गोड बोलून थकली होती. आजी, वर करा, आजी, थोडासा. आजी तिला म्हणत की माह्या हाताले आता कायचं काम आहे? गोलावर मात्र त्याला काम सापडलं होतं. सुरुवातीला तो मांडीवरच थरथरायचा. मग दाराच्या कडीपर्यंत. मी हे फारसं बघितलं नाही. मी आरशात बघत होते, स्टेशनच्या वाटेकडे बघत होते, लाल कोट कुठे दिसतो का ते बघत होते.

संक्रांतीनंतर दीर आले. रिकामी सूटकेस घेऊन आले, आईचे कपडे भरायला. सासूबाईंनी ती बघितली आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

दुपारी निघालो. दीर मागे, दोन्ही हातांनी माझ्या सीटची पाठ धरून. गोल आला. मी काहीही न लावता शिरले, तोंडही मिटून घेतलं. गोलातल्या ट्रॅक्टरला आधी जाऊ दिलं. स्टेशनची वाट ओलांडली. डावा लावला. "येते" म्हटलं. आणि बघते तर सावंगीच्या वाटेच्या तोंडाशीच एक गाय आडवी उभी. हॉर्न दिला, ती शेपटीनं उत्तर देऊन तशीच उभी. मागून बस आली. आता थांबावं की वळावं, कळेना. मी घाबरून दिवा बंद केला आणि गोलातच पुढे गेले. बाजाराची वाट गेली, आमची आलेली वाट गेली, पुन्हा स्टेशन. पुन्हा डावा, पुन्हा "येते". गाय तिथेच. दुसरी चक्कर. दीर मागून हळूच म्हणाले की वहिनी, आपल्याला सावंगीलाच जायचं आहे ना? मी म्हटलं, हो, पण मुहूर्त बघतेय. तिसऱ्या खेपेला हवालदारानं गाईला ढकललं आणि आम्ही एकदाचे बाहेर पडलो.

माझी खात्री पटली होती की मी हरले. एवढं शिकून, एवढ्या वाट्या फिरवून, मी दिराला गोल फिरवून आणलं. दवाखान्याच्या दारात गाडी लावली आणि मान वळवायचाही धीर होईना. तर दीर माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईच्या खिडकीकडे बघत होते. काच खाली होती. सासूबाईंचा डावा हात खिडकीच्या काठावर होता, बोटं बाहेर, अजून थोडी हलत.

"हा कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला काय माहीत, मी गाडी चालवत होते.

व्यायामाच्या पोरीनंही तो हात धरून बघितला आणि आजींवर जरा रागावली, की इथे का करत नव्हता? आजी म्हणाल्या, इथं कोनाले सांगाचं होतं का कुठं चालली ते? येताना दीर पुढच्या सीटवर बसायला तयार झाले असते, पण आईनं जागा सोडली नाही. घरी आल्यावर त्यांनी आईला येतेस का म्हणून विचारलं, आईनं नाही म्हटलं, आणि संध्याकाळी ते सूटकेस घेऊन परत निघाले. तिच्यात त्यांच्या मुलांसाठी तिळाच्या वड्या आणि आमच्या झाडाचे पेरू भरले होते. बसस्टँडवर मीच सोडते म्हटलं, तर म्हणाले की वहिनी, बस सहाची आहे, आणि वाटेत तो गोल आहे. मग ते पायी गेले.

ओसरीवर आम्ही दोघीच उरलो. मला आतून फार बरं वाटत होतं आणि कुणीतरी ते बोलून दाखवावं अशी इच्छा होती. पन्नाशीच्या बाईलाही शाबासकी लागते. मी सासूबाईंच्या पायावर शाल नीट केली आणि विचारलं की आई, तुम्ही त्यांना नाही म्हणालात, म्हणजे माझ्या गाडी चालवण्यावर तुमचा भरवसा बसला ना?

त्यांनी समोरच्या घराकडे बघितलं. तिथे भांडण नुकतंच सुरू होत होतं. मग म्हणाल्या:

"भरोसा नाई बाई, अजिबात नाई. पन तुह्या गाडीत बसून मेली त निदान कुठंतरी जाता जाता मरीन. तिकडं मले नुसतं बसून मरा लागलं असतं."